कासिनो ते सेनियो: दोन मराठा जवानांच्या वाटेने

शनिवार, रोम

रोमबद्दल इथे फार लिहिणार नाही. दुपारी उतरलो, हॉटेलात सामान टाकलं, संध्याकाळी थोडं फिरलो, झालं. आम्ही आलो होतो ते दोन पोरांसाठी.

आम्ही म्हणजे मी आणि माझे काका. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. भरती झाल्यावर बेळगावच्या सेंटरमध्ये त्यांनी ही दोन नावं पहिल्यांदा ऐकली: नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. मी ती लहानपणी काकांच्या तोंडून ऐकली आणि बरीच वर्षं मला ती एखाद्या पोवाड्यातल्या नावांसारखी वाटायची, म्हणजे आजोबांपेक्षाही म्हातारी, मिशीवाली, दगडी. मग एक दिवस दोघांच्या जन्मतारखा शेजारी शेजारी वाचल्या. यशवंतचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१, नामदेवचा १८ नोव्हेंबर १९२१. एक कोकणातल्या माणगाव तालुक्यातला, दुसरा संगमनेरजवळच्या निमजचा. दोघांत दोन दिवसांचं अंतर. दोघंही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेले, दोघंही दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मनांविरुद्ध लढले आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, मिळालं. यशवंत १० जुलै १९४४ ला गेला, बाविसाव्या वर्षी. नामदेव घरी परतला आणि १९८४ पर्यंत जगला.

या लेखात मी दोघांना एकेरीच लिहिणार आहे. अनादर म्हणून नाही. त्या वयाच्या मुलांना आपल्याकडे कुणी अहो-जाहो करत नाही, आणि मला ते त्याच वयाचे दिसायला हवे होते. काकांना हे पटलं नाही. ते संपूर्ण प्रवासात 'नाईक घाडगे' आणि 'शिपाई जाधव' असंच म्हणाले, हुद्द्यासकट.

रविवार, कासिनो

सकाळच्या गाडीने रोमहून कासिनोला. दोनेक तासांचा प्रवास. स्टेशनाबाहेर आलं की मान आपोआप वर जाते, कारण गावाच्या डोक्यावर थेट उभा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर तो पांढरा मठ. काका रस्त्यातच थांबले. "तिथनं खालची मुंगीसुद्धा दिसत असणार," म्हणाले. "आणि खालच्यांनी वर चढायचं!" १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या चौथ्या डिव्हिजनने हे चढण्याचा प्रयत्न केला होता. मे महिन्यात आठवी डिव्हिजन खालून नदी ओलांडून गेली. नामदेवची पलटण, पहिली मराठा (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण), त्याच आठव्या डिव्हिजनमध्ये होती.

युद्धस्मशानभूमी गावाबाहेर आहे. चालत गेलो. आत ४,२०० हून जास्त कबरी, आणि मधोमध पाण्याचा लांबट हौद व त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराच्या उंच पाट्या. ज्यांचं शरीर मिळालं नाही किंवा ओळखता आलं नाही, अशा ४,००० वर सैनिकांची नावं या पाट्यांवर आहेत. हे स्मारक १९५६ मध्ये उघडलं. यशवंत इथेच आहे, म्हणजे त्याचं नाव आहे. त्याचं शरीर कधीच सापडलं नाही.

पाट्यांवर रेजिमेंट, रेजिमेंटखाली हुद्दा, हुद्द्याखाली नावं. काका बोट धरून वाचत गेले. नावं इंग्रजी अक्षरांत कोरलेली, स्पेलिंगं वाटेल तशी, पण जाधव, शिंदे, मोरे, पवार, सावंत ही आडनावं कशीही लिहिली तरी ओळखू येतात. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, कुलाबा, नगर, सगळी इकडचीच. आमच्या शाळेच्या हजेरीपटात हीच आडनावं होती. काका मोठ्याने वाचत होते आणि दोन नावांच्या मध्ये अर्धा क्षण थांबत होते. आधी मला वाटलं, अक्षरं लागत नसतील. मग लक्षात आलं की ते रोलकॉल घेतायत.

नाईकांच्या यादीत घाडगे. नावापुढे व्ही. सी. ही दोन अक्षरं, बाकी सगळं इतरांसारखंच, तेवढ्याच आकाराचं. मला ते फार आवडलं. माणगावच्या तहसील कचेरीसमोर त्याचा अर्धपुतळा आहे, तिथे तो एकटा उंचावर असतो. इथे तो त्याच्या माणसांत आहे.

काकांनी पायात पाय जुळवून सॅल्यूट केला. मी नुसती हात जोडून उभी राहिले. बाजूने एक ब्रिटिश कुटुंब जात होतं, ते थांबलं आणि आमचं होईपर्यंत थांबूनच राहिलं.

मग हौदाच्या कडेला बसून मी काकांना शौर्यपत्रातला मजकूर मराठीत सांगितला. त्यांना तो पाठच होता, पण त्यांनी ऐकून घेतला. कंपनीने शत्रूच्या एका मजबूत मोर्चावर हल्ला केला. यशवंतची सेक्शन, म्हणजे आठ-दहा जणांची तुकडी, अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सगळे मेले किंवा जखमी झाले, उरला फक्त सेक्शन कमांडर, म्हणजे यशवंत. तो तसाच मशीनगनवर धावून गेला. आधी ग्रेनेड फेकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प झाले. मग टॉमी गनने, म्हणजे हातातल्या स्वयंचलित बंदुकीने, एकाला टिपलं. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या आणि तिथेच त्याने प्राण सोडला.

"मॅगझिन बदलायला किती वेळ लागतो हो?" मी विचारलं.

"हात बसला असंल तर तीन सेकंद. चार." काकांनी डावा हात कमरेकडे नेला, रिकामं काढल्यासारखं केलं, भरलेलं बसवल्यासारखं केलं. "बघ. झालं."

"एवढंच?"

"एवढंच गं. तेवढं बी नव्हतं त्याच्याकडं."

ती हालचाल मी त्यांच्याकडून पुन्हा करून घेतली. आजवर हा प्रसंग मी शौर्यकथा म्हणून ऐकला होता. त्या हौदापाशी मला तो पहिल्यांदा वेळेच्या मापात कळला. आजूबाजूला आपली आठ-दहा माणसं पडलेली, ज्यांना नावाने, गावाने ओळखतो अशी, आणि समोर तीन सेकंदसुद्धा नाहीत.

नाईक म्हणजे दंडावर दोन फिती. काका म्हणाले, सेक्शन कमांडर हा त्या आठ-दहा जणांची आई असतो. कुणाच्या पायाला फोड आलाय, कुणाचं घरून पत्र आलेलं नाही, कोण रात्री झोपत नाही, हे त्याला ठाऊक असावं लागतं. बाविसाव्या वर्षी हे सगळं यशवंतकडे होतं. शौर्यपत्रात त्याच्या आयुष्यातली शेवटची काही मिनिटं आहेत. त्या दोन फिती त्याला मिळाल्या त्या त्याआधीच्या सगळ्या दिवसांसाठी, आणि मला वाटतं, ते दिवस त्या मिनिटांपेक्षा कमी मोलाचे नव्हते.

सोमवार, मठ आणि पुढे

सकाळी बसने मठात गेलो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने स्थापलेला हा मठ १५ फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झाला आणि युद्धानंतर जसाच्या तसा पुन्हा बांधला. सुंदर आहे. पण आम्ही दोघंही कठड्यापाशीच रेंगाळलो आणि खालची दरी पाहत राहिलो. तिथून पोलिश सैनिकांची स्मशानभूमीही दिसते, १८ मे ला शेवटी मठाचे अवशेष त्यांनीच ताब्यात घेतले होते.

बाकीचा दिवस गाड्या बदलण्यात गेला. रोमवरून पेरुजा, तिथे भाड्याची मोटार घेतली आणि अंधार पडता पडता टायबर नदीकाठच्या उंबेर्तिदे गावात मुक्कामाला.

या गावाची एक गोष्ट सांगायलाच हवी. २५ एप्रिल १९४४ ला दोस्तराष्ट्रांची विमानं इथला टायबरवरचा पूल पाडायला आली. बॉम्ब घरांवर पडले. सत्तरच्या वर माणसं गेली, सगळी साधी गावकरी. बरोबर एका वर्षाने, १९४५ साली, तीच तारीख इटलीचा मुक्तिदिन ठरली. म्हणजे अख्खा देश सुटी घेतो त्या दिवशी या गावाचं श्राद्ध असतं. यशवंत जुलैत या परिसरात आला तेव्हा ढिगारे अजून ताजे असणार. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "विमानवाल्याला खालचं माणूस दिसत नाही. पायदळाला दिसतं." एवढंच, आणि झोपायला गेले.

मंगळवार, मोंतोने

मोंतोने हे डोंगरमाथ्यावरचं तटबंदीचं गाव. मध्ययुगातला नावाजलेला सेनानी ब्राच्चो फोर्तेब्राच्चो इथल्याच घराण्यातला. गाडी तटाबाहेर ठेवून चालत वर जायचं, दगडी गल्ल्या, खिडक्यांत कुंड्या, फिरणारे पर्यटक थोडेच.

२०२३ च्या जुलैमध्ये या गावाने आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांनी मिळून यशवंत घाडगेच्या नावाने इथे एक सूर्यघड्याळ उभारलं. पुतळा नाही, तोफ नाही, छायाघड्याळ. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आपल्या गावापासून हजारो किलोमीटरवर, ज्यांनी माणगाव कधी ऐकलेलंही नाही अशा लोकांनी मराठी पोराच्या नावाने हे करावं, याने मला फार भरून आलं. आणि मनात थोडी टोचही लागली, कारण आपल्याकडे किती जणांना हे नाव सांगता येईल?

काकांनी आपलं घड्याळ पाहिलं. साडेअकरा. सावली साडेदहाच्याही थोडी मागे होती.

"चुकीचं लावलंय," म्हणाले.

"काका, उन्हाळ्यात इकडे घड्याळं तासभर पुढे करतात. सूर्याला ते कोण सांगणार?"

"मग सूर्याचंच बरोबर," म्हणाले, आणि खरोखर आपलं घड्याळ मागे लावून घेतलं. त्या दिवसभर आम्हाला जेवायला उशीर झाला.

दुपारी गाडी घेऊन खालच्या टेकड्यांत गेलो. दहावी हिंदी डिव्हिजन याच खोऱ्याने उत्तरेला सरकत होती, यशवंतची तिसरी मराठा तिच्यात होती. (ही पलटण पुढे छत्रीधारी झाली, आजची २ पॅरा.) शत्रू माघार घेत होता, पण एकेका डोंगरसोंडेवर पाय रोवून. नकाशावर हे 'पुढे सरकणे' वगैरे फार सोपं दिसतं. काकांनी मला एका सोंडेच्या पायथ्याशी उभं केलं, स्वतः धापा टाकत शंभरेक पावलं वर चढले आणि तिथून ओरडून म्हणाले, "आता लप!"

मी इकडेतिकडे पाहिलं. गुडघ्याएवढं गवत, लांबवर ओकची झाडं, एक बांध. लपायला काहीच नव्हतं. त्या उतारावर जिथे जाईन तिथे मी त्यांना दिसत होते.

"जुलैत गवत वाळलेलं असतंय," खाली आल्यावर म्हणाले. "चाललं की आवाज. तहान. पाठीवर ओझं. आणि गन तुझ्याकडंच बघतीय." गन म्हणजे बंदूक नव्हे, मशीनगन. काकांच्या तोंडी तो शब्द असा येतो जणू ती जिवंत आहे.

परतताना रस्त्याकडेला उंच, लांबट, ओळीने झरोके असलेल्या जुन्या इमारती दिसल्या. काकांनी गाडी थांबवायला लावली. तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्या! हे खोरं तंबाखूसाठी ओळखलं जातं. आमचं मूळ गाव निपाणीच्या बाजूचं, काकांचं बालपण तंबाखूच्या वासात गेलेलं. ते भिंतीला नाक लावून उभे राहिले. "तिसऱ्या पलटणीत आमच्याकडची पोरं असणारच," म्हणाले. "त्यांनी बी हे बघितलं असंल. म्हणाली असतील, अरे, हे तर घरचंच." दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. स्मारकापाशी नाही, सॅल्यूट करताना नाही, तंबाखूच्या भट्टीपाशी.

यशवंतचं लग्न झालेलं होतं. पदक त्याच्या पत्नीने स्वीकारलं. या बाईंबद्दल मी आधी जास्त विचार केला नव्हता. त्या रात्री उंबेर्तिदेच्या खोलीत केला. पुतळा एका क्षणाचा होतो. त्या मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं जगल्या, त्याच्याशिवाय, आणि तेही त्या युद्धातच मोजायला हवं.

बुधवार, फोर्ली

टायबरच्या खोऱ्यातून रस्ता आपेनाइन पर्वत चढतो आणि पलीकडे उतरून सपाट रोमान्या प्रांतात येतो. बोगदे, पूल, ट्रक. १९४४ चा अख्खा पावसाळा आणि हिवाळा सैन्याने या डोंगरात काढला. आम्हाला काही तास लागले.

फोर्लीला हिंदी सैनिकांची स्वतंत्र स्मशानभूमी आहे. जवळपास ५०० कबरी, आणि त्याखेरीज दहनस्मारक. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला, अशा जवळपास ८०० जणांची नावं त्यावर आहेत. युद्धाच्या धामधुमीत, परक्या मुलखात, लाकूडफाटा गोळा करून कुणीतरी आपल्या माणसाची चिता रचली. कासिनोच्या पाट्यांवरच्यांना तेही मिळालं नाही.

हिंदू सैनिकांच्या काही शिळांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं आहे. चार दिवस सगळीकडे इटालियन आणि इंग्रजी वाचल्यावर अचानक आपली अक्षरं! मी एका शिळेसमोर मांडी घालून बसले. ओंकाराच्या खोबणीत शेवाळ्याची बारीक हिरवी रेघ धरली होती, बाकी शिळा स्वच्छ पांढरी. त्या सैनिकाचं वय कोरलेलं होतं: १९. काका मुसलमान जवानांच्या ओळीकडे गेले, तिथे उभे राहिले, मग शिखांच्या. मोठ्याने काही वाचलं नाही. इटलीत आलेले सुमारे ५०,००० हिंदी सैनिक, त्यातले ५,७८२ परतले नाहीत, आणि बहुतेकांची वयं १९ ते २२. आकडे मी आधी वाचलेच होते. एक-एक शिळा ओलांडत चाललं की मग ते पायांना कळतात.

गुरुवार, सेनियो नदी

शेवटचा टप्पा नामदेवचा.

आधी आल्फोन्सिनेच्या सेनियो युद्ध संग्रहालयात गेलो, मग लुगोच्या बाजूने नदीवर. नदी म्हणून मनात जे येतं ते इथे दिसतच नाही. फळबागांच्या पलीकडे दोन उंच मातीचे बांध दिसतात, रेल्वेच्या भरावासारखे. चढून वर गेलं की मध्ये, खाली, अरुंद गढूळ पाणी. पुरासाठी बांधलेले हे बांध. २०२३ च्या मे महिन्यातल्या महापुरात ही नदी फुटून लुगोत पाणी शिरलं होतं. जर्मनांनी याच बांधांत १९४४-४५ च्या हिवाळ्यात खंदक आणि मोर्चे खोदले. पाण्याच्या दोन्ही अंगांना गना, बांधाच्या उतारावर सुरुंग.

९ एप्रिल १९४५. नामदेव कंपनी रनर होता, म्हणजे निरोप्या. रेडिओ बंद पडला, तार तुटली की कंपनीचा निरोप पायांवर जातो, ते पाय त्याचे. नदी ओलांडताना त्याच्या बरोबरची बहुतेक माणसं पडली. दोन जखमींना त्याने एकामागून एक खोल पाण्यातून, बांधाच्या चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप पोचवलं. मग परत फिरून एकट्याने मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. हाताला जखम झाली, टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ग्रेनेडवर काम भागवलं. आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना दिली व मागच्या कंपन्यांना हाताने खुणावलं, या.

मला यातली पहिली गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. मोर्चे रागाच्या भरात घेता येतात. माणूस पाठीवर घेऊन पाण्यातून जायचं, उतरवायचं, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा त्याच पाण्यात उतरायचं, यात राग कामाला येत नाही.

काका बांधावर चढले. सायकलवर एक बाई येत होत्या, त्या जाईपर्यंत थांबले. मग छाती भरून घेतली आणि म्हणाले, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." आणि माझ्याकडे पाहिलं.

"जय!" मी ओरडले. जेवढा आवाज होता तेवढा.

त्या बाई पुढे जाऊन थांबल्या आणि मागे वळून पाहू लागल्या. मी फोनवर भाषांतर लावून त्यांना सांगितलं की ऐंशी वर्षांपूर्वी आमच्या गावाकडचा एक मुलगा इथे उभा राहून हेच ओरडला होता. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. मग फोनमध्ये बोलून एक प्रश्न विचारला: तो घरी गेला का?

"हो," मी म्हटलं. "हा गेला."

परतीच्या वाटेवर काकांना त्या प्रश्नाने धरून ठेवलं होतं. घरी गेलेल्या नामदेवची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणाले, त्यांना स्वतःलाही सेंटरमध्ये ९ एप्रिलच सांगितला होता. तेविसाव्या वर्षी एवढं सगळं करून माणूस निमजला परततो. मग पुढची एकोणचाळीस वर्षं? पावसाच्या रात्री पाण्याचा आवाज आला की काय वाटायचं? ज्यांना पाठीवर आणलं त्यांची पत्रं यायची का? गावातली पोरं नामदेव जाधवांना काय विचारायची आणि ते काय सांगायचे? यशवंतला पाहिलेलं आज कुणी राहिलं नसेल. पण १९८४ साली जे दहा-पंधरा वर्षांचे होते ते आज पन्नाशीत आहेत, त्यांच्या आई-वडिलांपैकी कुणी असतील. त्यांना विचारता येईल. आत्ता विचारता येईल, वीस वर्षांनी नाही.

बोलोन्याच्या गाडीत बसल्यावर काकांनी वही मागून घेतली आणि प्रश्न लिहायला सुरुवात केली. पहिला प्रश्न त्यांनी लिहिला, 'पेन्शन आणायला कुठं जायचे?' मी हसले, तर म्हणाले, "तिथनंच सुरू करायचं असतंय. पेन्शनीच्या रांगेत जवान जवानाशी बोलतो." गणपतीनंतर संगमनेरला जायचं ठरलंय. निमजचं किंवा आसपासचं कुणी हे वाचत असेल आणि नामदेव जाधवांना पाहिलेलं घरात कुणी असेल, तर कृपा करून आधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. आम्ही येतोच आहोत.